साहेबांचा कच्चा मसुदा

तपासनीस बाई न कळवता येऊन बसल्या. बाईंना दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. अशा लोकांना कार्यालयाशी बोलता यावं म्हणून दिलेली दोन यंत्रं चालतात का, हे त्या पाहणार होत्या आणि त्यांच्या अहवालावर साहेबांची बढती अडली होती. एक यंत्र बाहेरच्या खोलीत बाईंपुढे. साहेबांनी लिहिलेलं तिथं त्यांच्या बोटांखाली ठिपके होऊन उमटायचं. दुसरं साहेबांच्या केबिनमध्ये.

लिहिण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पद्धत ठरलेली: आधी मनातलं टाइप करून मोकळं व्हायचं, मग ते पुसून सभ्य मजकूर लिहायचा. सव्वीस वर्षं अशीच निभावली होती.

'हिला आजच तडमडायचं होतं?' त्यांनी लिहिलं, पुसलं आणि लिहिलं, 'आपलं मनःपूर्वक स्वागत.'

उत्तर आलं, 'पुढच्या वेळी कळवून येईन.'

"बघ, किती नम्र बाई!" साहेब शेजारी उभ्या कारकुनाला म्हणाले.

'यंत्र केव्हापासून वापरात आहे?'

'आज सकाळी खोक्यातून काढलंय.' पुसलं. 'गेली दोन वर्षं अखंड.'

'ते खोकं जरा हातात द्या बरं.'

साहेबांनी कारकुनावर डोळे वटारले. "तू फुटलास!"

"मी? अहो, मी इथंच तर उभा आहे! साहेब, ते यंत्र..."

"गप्प!"

'रॅम्प आहे?'

'आहे, त्यावर माझी गाडी असते.' पुसलं. 'रॅम्प सर्वांसाठी खुला आहे.'

'गाडी हलवा.'

'बाई आंधळेपणाचं सोंग करतेय,' साहेबांनी लिहिलं. ते पुसायच्या आत बाहेरून खो खो हसू ऐकू आलं.

"साहेब," कारकून चाचरत म्हणाला, "यात पाठवायचं बटणच नाही. अक्षर दाबलं की तिकडं पोचलं. तुम्ही पुसेपर्यंत त्यांचं वाचून होतं."

"आधी सांगायला काय झालं होतं रे?"

"सांगत होतो, तर तुम्ही गप्प म्हणालात."

'आणखी काही सांगायचंय?' बाईंनी विचारलं. साहेब अगदी रडकुंडीला आले. खोटं लिहायचं तर आधी खरं लिहावं लागे, हातच तसा वळलेला. त्यांनी 'नाही' एवढंच लिहिलं आणि पुसलं नाही.

महिन्याभरानं अहवाल आला. 'यंत्रावर खरी माहिती देणारं हे एकमेव कार्यालय. या अधिकाऱ्याला बढती देऊन मुख्यालयात, नागरिकांना उत्तरं देण्यासाठी याच यंत्रावर बसवावं.' साहेब तरंगतच मुख्यालयात रुजू झाले.

पहिल्याच दिवशी संचालक कौतुकानं पाठीशी येऊन उभे राहिले. पडद्यावर प्रश्न उमटला, 'माझा अर्ज आठ महिने कुणाच्या टेबलावर पडलाय?'

'संचालकांच्या,' साहेबांची बोटं लिहून मोकळी झाली.

'बरं झालं सांगितलंत. मी खालीच बसलोय, वर येतो.'

"सरका!" संचालकांनी साहेबांना बाजूला सारलं. 'मेलो!' त्यांनी लिहिलं, घाईघाईनं पुसलं आणि लिहिलं, 'संचालक रजेवर आहेत.'

'मरू नका,' उत्तर आलं. 'फक्त सही करा.'

साहेबांनी पेनचं टोपण काढून पेन संचालकांपुढं केलं.