नऊ पिशव्या माती

"सांगावं सुखदुःख आपुल्या माणसाला गं,
झाकल्या निखाऱ्यानं जाळिलं पदराला."

आई जात्यावर म्हणायची ती ओवी सुभेदार हंबीररावांना पन्नास वर्षांनी आठवली, आणि तीही बायकोशी खोटं बोलताना. लघवीचा त्रास, रक्ताची तपासणी, एमआरआयमध्ये प्रोस्टेटवर दिसलेला ठिपका, सगळं त्यांनी फौजी शिस्तीत दडवलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, तेव्हा ते घरी मनुबाईंना म्हणाले, "शेतातली माती तपासायला सांगलीला न्यायची हाय."

जायला दोन दिवस उरले तेव्हा सकाळीच शेजारचा तानाजी मळ्याची माती घेऊन हजर. जाताच आहात तर आमचीही न्या, म्हणाला. त्याच्यामागून दीपमाला आली, मग शंभूराज. अर्धा किलो पुरते असं सांगूनही कुणी दोन किलोंच्या खाली आलं नाही. सीमेवर उभा राहिलेला माणूस, पण शेजाऱ्यांना नाही म्हणणं काही जमेना. जायच्या दिवशी ओसरीवर नऊ पिशव्या झाल्या. मलकापूरला एसटीत चढवताना कंडक्टरनं विचारलं, सांगलीत घर बांधताय का?

विश्रामबागेतल्या दवाखान्यात डॉक्टर शांतपणे म्हणाले, "रक्तातला पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असं नसतं. एमआरआय नुसता संशय दाखवतो. खात्री तुकडा तपासूनच होते."

"किती जागचं घेणार?"

"बारा. शिवाय त्या ठिपक्यातले दोन-तीन."

हंबीररावांना जरा धीर आला. "बराबर हाय. एका कोपऱ्यावरनं रान कळत न्हाई. पर आमी एकराला धाच जागा घेतो."

"तुमचं हे रान अक्रोडाएवढं आहे," डॉक्टर हसले.

नर्सनं सोबत कोण आहे ते विचारलं. घरचं माणूस नसेल तर आज होणार नाही, म्हणाली. हंबीररावांनी कोपऱ्यात रचून ठेवलेल्या नऊ पिशव्यांकडे पाहिलं. त्यातली एकही सही करण्याजोगी नव्हती. नर्स पुढची तारीख लिहायला लागली, तोच दारातून आवाज आला.

"मी हाय सोबत."

मनुबाई. हातात दहावी पिशवी. गावाची माती सांगलीला आली होती, स्वतःच्या रानाची तेवढी घरी राहिली होती.

"तू हितं कशी?"

"तुमच्या गोळ्यांचा डबा मी भरते. माती तपासायला रक्त पातळ व्हायची गोळी पाच दिस कशाला बंद ठेवावी लागती? फौजेची पेटी उघडली, तर दवाखान्याचा कागद."

मनुबाईंनी सही केली, आणि आत सुया चालू असताना दहाही पिशव्या रिक्षात घालून माती तपासणीला देऊन आल्या.

आठवड्यानं दोन्ही अहवाल घ्यायला दोघं जोडीनं गेले. तुकड्यांत कर्करोग सापडला नाही. नुसती सूज. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. मातीत मात्र शेणखत कमी पडत होतं, सगळ्यांच्याच.

परतीच्या एसटीत आष्टा मागं पडलं तेव्हा हंबीरराव म्हणाले, "मनू, मी लय भ्यालो हुतो."

मनुबाईंनी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला. मन हलकं झालं तसे सुभेदार तक्रारीवर आले. "पर मी माती न्यायलोय हे गावभर कुणी केलं, कळंना."

खिडकीबाहेर तुरे आलेला ऊस पळत होता. मनुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मीच," त्या हळूच म्हणाल्या. "घरोघर हिंडून सांगून आले. म्हटलं, वझं झेपंना झालं की बोलाल. तर तुमी नऊच्या नऊ उचलल्या."