गफूरभाईंची प्रश्नपत्रिका

आमच्या दवाखान्यात रोज सकाळी सात वाजता एक धडधाकट माणूस स्ट्रेचरवर आडवा होतो आणि "चाल" म्हणतो. वॉर्डबॉय त्याला दारापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत ढकलत नेतो. हा माणूस हात पोटावर ठेवून छताकडे बघत असतो. मध्येच "थांब" म्हणतो आणि वर बोट दाखवतो. तिथे कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर फडफडणारी ट्यूबलाइट, नाहीतर पाणी झिरपल्याचा डाग. मी नोकरीला लागले त्या दिवशी हा प्रकार बघून चांगलीच घाबरले होते. माझा चेहरा बघून त्यांनी झोपल्याझोपल्याच खुलासा केला, "पेशंटले आपला दवाखाना असा दिसते, ताई. डाक्टर उभे राहून पाहतात, म्हणून त्यायले फक्त फरशी दिसते."

हे गफूरभाई. यवतमाळच्या आमच्या रुग्णालयाचे सपोर्ट सर्विसेसचे मॅनेजर. पदाचं नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा. डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात जे जे धुतलं जातं, शिजतं, ढकललं जातं आणि तुंबतं, ते सगळं त्यांचं. मूळचे बोरी अरबचे शिंपी. तरुणपणी इथे चादरी आणि गाऊन शिवायला आले आणि शिवता शिवता अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली आला. शिंप्याची खोड मात्र गेली नाही. समोरचा कितीही मोठा असो, बोलता बोलता त्याच्या बाहीचा लोंबणारा दोरा अलगद तोडून खिशात टाकतात. एकदा एका पुढाऱ्याच्या पाठीवरचा दोरा तोडायला गेले, तर त्याच्या माणसांनी हातच धरला.

गफूरभाई महिनाअखेर निवृत्त होणार होते. दवाखान्याचे मालक डॉक्टरसाहेब, त्यांनी सांगून टाकलं, या जागेच्या मुलाखती एकदाच घेऊ. पसंत पडेल असा माणूस मिळाला तर ठीक, नाहीतर सगळा विभाग नागपूरच्या ठेकेदाराला देऊन टाकू. ठेकेदार आपली माणसं घेऊन येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे गफूरभाईंनी एकेक करून जमवलेल्या आया, वॉर्डबॉय, धुलाईवाले आणि स्वयंपाकघरातल्या बाया, सगळे घरी. त्या आठवड्यात दवाखान्यातली फरशी इतकी घासली गेली की चालायची भीती वाटायची. आणि प्रश्न काढायचं काम आलं माझ्याकडे आणि गफूरभाईंकडे.

माझं काम कर्मचाऱ्यांच्या फाइली सांभाळायचं. मी तासाभरात नेटवरून वीस प्रश्न उतरवले आणि ऐटीत वाचून दाखवले. तुमची बलस्थानं कोणती? पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?

गफूरभाईंनी चष्मा काढला. "ताई, पाच वर्सानं कुठं राहीन, हे आपल्या दवाखान्यात कोणाले इचारत नसतात."

माझे वीस प्रश्न तिथेच संपले. दुसऱ्या दिवशी ते एक दोनशे पानी वही घेऊन आले. तिच्यात शिस्तीत आकडे घालून एक्केचाळीस प्रश्न. मला समोर बसवलं आणि म्हणाले, पहिले तुमची परीक्षा घेतो.

"मले सांगा बरं. पेशंटले स्ट्रेचरवर पाय पुढं ठेवून नेऊन राह्यलो. त्याची आई रडाले लागली, जित्या माणसाले मुडद्यासारखं कायले नेता म्हणे. काय करसान?"

मी म्हटलं, हा नियम आहे असं समजावून सांगेन.

"नापास. त्या माउलीले नियम काय करायचा? तिले म्हणा, पोरगं पुढं पाहून राह्यलं, माय. उलटं फिरवलं तं त्याले रस्ता दिसन नाही, भेवन तो."

पुढचा प्रश्न. खिडकीच्या ग्रिलवर नातेवाइकांनी लुगडं वाळत टाकलंय, काय कराल? मी म्हटलं, काढायला लावीन. पुन्हा नापास. मग म्हटलं, असू देईन. तरी नापास. मला राग आला. एम.ए. झालेली बाई मी, आणि लुगड्यावर दोनदा नापास. एक्केचाळीस प्रश्नांत मला नऊच बरोबर आले. त्यातलेही दोन, म्हणे, दया म्हणून दिले. पण एवढं खरं की त्या एका वहीत जेवढा दवाखाना होता तेवढा माझ्या फाइलींच्या कपाटात नव्हता, आणि हे मला त्यांना तोंडावर सांगावंसं वाटलं. सांगितलंही. त्यांनी माझ्या ओढणीचा एक दोरा तोडला आणि निघून गेले.

वही टाइप करायला मी घरी नेली. शेवटच्या पानावर एक्केचाळीस नंबरच्या खाली आणखी एक प्रश्न होता, निळ्या पेनने आडवा-उभा खोडलेला. गफूरभाई पेन दाबून लिहितात. पान तिरपं करून उजेडात धरलं तर अक्षरं वाचता आली. 'जुना माणूस रिटायर झाल्यावरही रोज सकाळी येऊन बसत असेल, तर काय कराल?'

गफूरभाईंची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी अकोल्याला दिली. रविवारीही हा माणूस दवाखान्यात असतो. दुपारी 'चव पाहतो' म्हणत स्वयंपाकघरात ताट घेऊन बसतो. या चव पाहण्यावर आम्ही सगळे हसायचो, आणि सर्वांत जास्त मी. माझी मलाच लाज वाटली.

मुलाखतीला तीन जण आले. गफूरभाई कडक इस्त्रीचा शर्ट घालून डॉक्टरसाहेबांच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्याजवळ मोठी डिग्री होती. लुगड्याच्या प्रश्नाला तो म्हणाला, सूचनाफलक लावीन, मराठी आणि इंग्रजीत.

"अन् कोलाम आदिवासीची बाई आली, तिले वाचताच येत नसन तं?" गफूरभाईंनी विचारलं. तो म्हणाला, चित्राचा फलक लावीन. दुसऱ्याने दंड सांगितला.

तिसरी वैशाली, राळेगावची. मुलींच्या वसतिगृहाचं जेवण आणि साफसफाई बघायची. तिने उलट विचारलं, "त्या बाईजवळ दुसरं लुगडं हाये का, सर? एकच घेऊन आली असन तं वाळवाले जागा द्या लागन. वरतं गच्चीवर दोरी हाये का?"

गच्चीवरची दोरी गफूरभाईंनीच बांधलेली होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पण डॉक्टरसाहेब म्हणाले, "वसतिगृह वेगळं, दवाखाना वेगळा," आणि ठेकेदाराची फाइल जवळ ओढली. गफूरभाईंचा चेहरा पडला.

तेव्हा मी म्हटलं, "साहेब, माझा एक प्रश्न आहे." आणि खोडलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. गफूरभाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

वैशालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने थोडा विचार केला. "बसू नाही देणार, मॅडम."

डॉक्टरसाहेबही दचकले.

"घरी बसून कट्टाळला असन, म्हणून तं आला ना तो. इथं येऊनही नुसता बसूनच राह्यला, तं मंग त्याचं येणं काय कामाचं? मी त्याले म्हणीन, मले हे शिकवा, ते शिकवा. मले तं अर्ध येतही नाही." मग म्हणाली, "अन् एखाद्या रोजी नाही आला, तं घरी माणूस पाठवीन. काहून नाही आला ते पाहाले."

डॉक्टरसाहेबांनी एकदा गफूरभाईंकडे पाहिलं आणि ठेकेदाराची फाइल बंद करून बाजूला सारली. तिला म्हणाले, एक तारखेपासून या.

गफूरभाई पाणी पितो म्हणून उठले. बऱ्याच वेळाने मी बघायला गेले, तर ते कॉरिडॉरच्या खिडकीशी उभे होते. पाणीबिणी काही प्यायले नव्हते.

"ताई, तो प्रश्न मी खोडलता ना?"

"हो, खोडला होता."

"बरं वाचता येते तुमाले," ते म्हणाले, आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. चष्मा डोळ्यांवर नव्हता, कपाळावर होता, आणि रुमाल डोळ्यांवर. खाली ॲम्ब्युलन्स येऊन थांबली तरी आम्ही दोघं, काही काम नसताना, तिथेच उभे राहिलो.