चंद्रावरचा ससा आणि गोमाजीचा आरसा

एका जंगलात चंद्रावरून भांडण होतं. चंद्र काही जंगलात नव्हता, तो वर होता, हे मलाही ठाऊक आहे. पण मुलांनो, भांडायला वस्तू जवळ असावीच लागते असं नाही.

चंद्रावर जो काळसर डाग दिसतो तो ससा आहे, असं सशांचं म्हणणं. तो हरीण आहे, असं हरणांचं म्हणणं. आधी नुसती वादावादी व्हायची. मग हरणांनी सशांची बिळं तुडवली. सशांनी पाणवठ्याच्या वाटेवर खड्डे खणले, त्यात एका पाडसाचा पाय मोडला. शेवटी पाणवठाच बंद झाला. उन्हाळा तर तोंडावर आला होता.

गोमाजी अस्वलाला हे बघवेना. तो बायकोला म्हणाला, "सगुणे, मी दुर्बीण करतो. एकदा सगळ्यांनी नीट बघितलं की भांडण मिटेल."

"मिटेल?" सगुणा म्हणाली.

"न मिटायला काय झालं? दिसेल ना!"

सगुणा वाटण्या झालेल्या घरातून आली होती. ती वाळू चाळायला बसली.

गोमाजीने पडक्या डाकबंगल्यातून दोन जाड, गोल काचा आणल्या. एक खाली, एक वर, मध्ये वाळू आणि पाणी. घासता घासता वरच्या काचेला थाळीसारखा उथळ खोलगटपणा आला. पण काच धुरकट झाली. तिला आता झिलई द्यायची होती, आणि खरं काम तेच होतं.

त्याने झाडाची राळ वितळवली, त्यात थोडं मेण घातलं आणि ती खालच्या काचेवर ओतली. राळ कोमट असतानाच वरची काच ओली करून तिच्यावर दाबून धरली, म्हणजे राळेने नेमका तिचा आकार घेतला. मग राळेत शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडल्या. राळ फार कडक असली तर काचेवर चरे पडतात, फार मऊ असली तर आकार बिघडतो. म्हणून गोमाजी तिचा तुकडा दाताखाली धरून बघायचा.

"जेवणाआधी तरी नको हो," सगुणा म्हणायची.

मग त्याने बारीक गेरू पाण्यात कालवला. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर राळेची काच, तिच्यावर दुसरी काच, आणि गोमाजी ती घासत घासत बुंध्याभोवती फिरतो आहे, असं कितीतरी दिवस चाललं. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

एकदा सशांचे पुढारी धोंडोपंत येऊन गेले. "काम छान आहे. फक्त कान नीट दिसतील असं बघा."

मग हरणांचे पुढारी येसाजीराव काळवीट आले. "शिंगांच्या बाजूला जरा जास्त घासा."

"एकाच बाजूला जास्त घासलं तर सगळंच वाकडं दिसेल," गोमाजी म्हणाला.

"मग थोडंच वाकडं करा," येसाजीराव म्हणाले.

गोमाजीने सगळीकडे सारखंच घासलं. शेवटी काच इतकी लख्ख झाली की ती तिथे आहे हेच कळेना. तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवून त्याने तिचा आरसा केला, पोकळ ओंडक्यात बसवला, डोळा लावायला एक भिंग जोडलं आणि अष्टमीच्या संध्याकाळी दुर्बीण टेकडीवर नेली.

आधी त्याने स्वतः बघितलं. डोंगर होते. गोल गोल खड्डे होते, त्यांच्या कडांवर ऊन पडलं होतं. कुणीच नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की त्याला रडू आलं. त्याने सगुणेला पुढे केलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई," एवढंच म्हणाली.

मग धोंडोपंतांनी बघितलं. "ससा कुठाय?"

"नाही."

येसाजीरावांनी बघितलं. "हरीण?"

"तेही नाही. नुसते दगड आहेत."

मग कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पुढारी एकमेकांशी बोलले.

"येसाजीराव, आरसा कच्चा राहिलाय."

"अगदी माझ्या तोंडचं बोललात!"

तिथल्या तिथे दोन्ही बाजूंची समिती नेमली गेली. उरलेली झिलई समितीने द्यायची ठरली. समितीने भरड वाळू घेतली, कारण तिने काम लवकर होतं. गोमाजी मध्ये पडला, तर तरण्या काळविटांनी त्याला अडवून धरलं.

"अहो, चरे पडताहेत!" सगुणा ओरडली.

"बाई, आपण समितीत आहात का?" धोंडोपंतांनी विचारलं.

आरसा पुन्हा बसवला. आता आत दाट पांढरं धुकं दिसत होतं. धोंडोपंत डोळा लावून बसले आणि एकदम म्हणाले, "कान!" येसाजीरावांना शिंगं दिसली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. चंद्रावर दोघेही होते! जागा भरपूर होती.

पाणवठा त्याच आठवड्यात उघडला.

पाणवठ्याच्या काठावर गोमाजीचा जाहीर सत्कार झाला. कडक उन्हात त्याला लोकरी शाल पांघरली. सुरुवात यांनी केली आणि झिलई समितीने दिली, असं येसाजीराव बोलले. मग गोमाजीला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"चंद्रावर..." त्याने सुरुवात केली.

समोर सशांची पिल्लं आणि पाडसं एकमेकांना खेटून पाणी पीत होती. मागच्या रांगेत सगुणा त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"चंद्र छान आहे," गोमाजी म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगुणेने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

तात्पर्य: मुलांनो, आरसा मनापासून घासावा, पण दिसू लागण्याच्या आत थांबावं. चुकून दिसलंच, तर घाबरू नये. समिती नेमता येते.