चार हजार राम राम

कुडव्याच्या राईस मिलमध्ये हेमेंद्रनं सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं. "आता मिलचे मेल आपल्याच सर्व्हरवर. चार वाजेपर्यंत वेबमेल चालू करून देतो. लिनक्स म्हणजे माह्या डाव्या हातचा मळ."

मालक मनिरामभाऊ म्हणाले, "चाललं तं उद्यापासून तू कायम. नाही चाललं तं घरच्या बांधीत धानाच्या रोवणीले जाय."

वर्षभर रोजंदारीवर असलेल्या हेमेंद्रनं बाह्या सरसावल्या. एक वाजेपर्यंत सॉफ्टवेअर बसलं, ब्राउझरमध्ये मेल दिसायला लागले. इथं थांबला असता तर बिचाऱ्याचं भलं झालं असतं. पण मनिरामभाऊंची फर्माईश आली, "कोणाचाही मेल आला तं मशीननं आपोआप राम राम केलं पाहिजे."

तेही बसवलं. फक्त त्यात एक नियम होता: एका माणसाला आठवड्यातून एकदाच आपोआप उत्तर जाईल.

"एकदाच?" मनिरामभाऊ भडकले. "सोमवारी राम राम अन् मंगळवारी तोंड फिरवाचं? आपल्याकडं असं राहते का?"

"नाही राहत, भाऊ." हेमेंद्रनं नियम काढून टाकला. तो कायले ठेवला असेल, हे विचारायची सवड कोणाला होती?

मग चाचणीसाठी मिलच्या जुन्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना एकेक मेल गेला. यादीत पलीकडच्या मिलचे मालक केवलरामही होते. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात त्यांनी मनिरामभाऊंचा राम राम घेतला नव्हता, तेव्हापासून दोघांत बोलचाल बंद होती. केवलरामांच्या मशीनमध्येही आपोआप उत्तर होतं, 'मालक जेवायला गेले आहेत.' त्यावर या मशीननं राम राम केला. त्यावर ते म्हणालं, मालक जेवायला गेले आहेत. यानं परत राम राम केला. दोन्ही मशीनं मालकांपेक्षा संस्कारी निघाली. प्रत्येक उत्तराला मागचं सगळं चिकटत गेलं, आणि तीन वाजता डिस्क गच्च भरून मेल ठप्प झाला.

"काऊन बंद पडलं?" मनिरामभाऊंनी विचारलं. हेमेंद्रला डोळ्यांसमोर चिखल आणि रोवणी दिसायला लागली.

तेवढ्यात दारात साक्षात केवलराम उभे राहिले. हातात मोबाइल, डोळ्यांत पाणी.

"मनिराम, मी तुहा एक राम राम घेतला नाही, अन् तू चार हजार धाडले. जेवाले गेलो म्हणून सांगितलं तरी तू हटला नाहीस. माणूस काही दगड राहते का, बाबू?"

मनिरामभाऊंना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी पुढं होऊन हात पसरले. दोघांनी मिठी मारली. चहा आला. बशीतला घोट घेता घेता केवलरामांनी विचारलं, "पण येवढे राम राम टाईप केले कोणी?"

हेमेंद्रनं तोंड उघडलं.

"मीच," मनिरामभाऊ बोटं चोळत म्हणाले. "अजून दुखून राहिले. हेमेंद्र, तू उद्यापासून कायम. आता घरी जाय."