लग्नाच्या फिल्मचं अपहरण

आपलं नाव ऐकूनच गुन्हेगार शहर सोडतात, असं फोटोवाल्याच्या हौशी गुप्तहेर मेहुण्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. तरीही शहरात गुन्हे होतातच की, असं कुणी म्हटलं, तर ते कमी ऐकू येणारे गुन्हेगार असावेत, असं तो सांगे. फोटोवाल्याला हे गेली बारा वर्षं, म्हणजे लग्न झाल्यापासून, निमूटपणे ऐकावं लागत होतं. बायकोचा एकुलता एक भाऊ पडला ना!

त्या दिवशी मात्र त्यानंच मेहुण्याला स्टुडिओत बोलावून आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. संध्याकाळी सासू-सासरे हट्टानं लेकीच्या लग्नाची फिल्म बघायला येणार होते आणि ती कॉम्प्युटरवर उघडत नव्हती. नाव दिसायचं, क्लिक केलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. फिल्म हरवली असं बायकोला सांगण्यापेक्षा स्टुडिओला आग लागलेली त्याला परवडली असती.

मेहुण्यानं भिंगातून स्क्रीन न्याहाळला. आधी त्यानं समोरच्या स्टुडिओवाल्याला चोर ठरवलं. तो आठवडाभर आजारी होता, म्हणजे बहाणा चोख. मग संशय मांजरावर गेला, कारण एवढं होऊनही ते निवांत झोपलं होतं. मधूनच चक्र फिरू लागलं की "कुणीतरी आपल्याला खेळवतंय," म्हणत तो फटकन रद्द करायचा.

जेवायला बोलवायला आलेल्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्यानं मध्यंतरी दोन डिस्क बसवल्या होत्या, एक छोटी वेगवान आणि एक मोठी संथ. रोज लागतं ते वेगवान डिस्कवर राहतं. बरेच महिने कुणी उघडलं नाही, ते मशीन आपणहून संथ डिस्कवर नेऊन ठेवतं. मागितलं की परत आणतं, फक्त वेळ लागतो. मध्येच रद्द करू नका, म्हणाला.

"बरेच महिने," बायको नवऱ्याकडे बघत म्हणाली. फोटोवाल्यानं मांजराकडे बघितलं.

तिनं भावाच्या हातातून माउस काढून घेतला आणि क्लिक करून शांत बसली. चक्र फिरलं, फिरलं, आणि फिल्म आली.

स्क्रीनभर मेहुण्याची पाठ होती. बंदोबस्त म्हणून तो कॅमेऱ्यासमोर जो उभा राहिला, तो शेवटपर्यंत हललाच नव्हता. अख्खं लग्न त्याच्या पलीकडे लागलं. अधूनमधून नवरीचा कान आणि नवऱ्याचं कोपर तेवढं डोकावून जात होतं.

ही फिल्म इतकी वर्षं का उघडली नव्हती, हे दोघांना एकदमच आठवलं. बायकोनं ती बंद केली.

"आई-बाबांना सांगू, चोरीला गेली."

फोटोवाल्याला तिचं फार कौतुक वाटलं.

"म्हणजे तपास चालू ठेवू?" मेहुण्यानं विचारलं.

"ठेव ना," ती म्हणाली, "पण परगावी."