भाचीच्या हाताला शोभेल असं

"धारदार काही नको, गरम होणारं नको, आवाज करणारं नको आणि पीठ उडवणारं तर मुळीच नको," वहिनीने फोनवर बजावलं.

"मग राहिलं काय?" आत्याने विचारलं.

"ॲप्रन दे की. छान फुलाफुलांचा."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. भाची दहा वर्षांची होणार होती आणि तिला स्वयंपाकाचं वेड होतं. खेळातल्या नव्हे, खऱ्या. गेल्या वाढदिवसाला आत्याने मोठ्या हौसेने प्लास्टिकची शेगडी नेली होती. भाचीने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "असू दे आत्या. तुला माहीत नव्हतं." ते 'असू दे' आत्याला वर्षभर बोचत होतं. अख्ख्या खानदानात तिला मानणारं हे एकच माणूस, आणि तेही हातचं चाललं होतं.

आत्या इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसाकाठी पन्नास जणांच्या आतलं तिला स्वच्छ दिसायचं, पण या पोरीला काय आवडेल ते काही दिसेना. शेवटी ती इस्पितळाच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याला शरण गेली. हा मिशीवाला, धिप्पाड, कामापुरतं बोलणारा गृहस्थ. सूपच्या पातेल्यातून मान वर न करता त्याने ऐकून घेतलं.

"मुलीचा हात बघायला हवा," तो म्हणाला.

"तुम्ही भविष्य बघता?"

"हात कसा चालतो ते हो, एक्स-रे बाई! डोळे न तपासता चष्मा देतात का? रविवारी येतो मी. पण तिला सांगू नका कशासाठी आलोय. पोरं घाबरली की मीठ विसरतात."

आत्याने लगोलग भावाला फोन लावला. भावाचा फोन म्हणजे भाचीचा खेळ. तो नेहमी तिच्याच हातात असायचा आणि नसला तरी तिचे कान तिथेच. तेव्हा आत्या जपून बोलली.

"दादा, रविवारी एका गृहस्थांना घेऊन येतेय. भले आहेत. उगाच चौकशा करू नका. आणि फोनवर जास्त विचारू नकोस, सांगता येणार नाही."

दादाने फोन ठेवला आणि जसंच्या तसं बायकोला सांगितलं. वहिनी मटकन खुर्चीत बसली. या फोनची ती बारा वर्षं वाट बघत होती.

रविवारपर्यंत घराचा नूर पालटला. पडदे धुतले गेले. जुन्या सोफ्याची स्प्रिंग वर आली होती म्हणून शेजारच्या काकूंचा सोफा उसना आणला. सोफ्याबरोबर काकूही आल्या, आणि सोफा परत जाईपर्यंत त्या उठणार नाहीत हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. दादाला लग्नातला कोट चढवण्यात आला. त्याची बटणं लागेनात, म्हणून त्याला श्वास जपून घ्यायची ताकीद मिळाली.

आचारी आला तो सोफ्याकडे ढुंकूनही न बघता थेट स्वयंपाकघरात. त्याने तवा टिचकी मारून पाहिला. सुरीच्या पात्यावर अंगठा फिरवला. "बोथट," एवढंच म्हणाला.

"चोखंदळ आहेत हं!" वहिनी काकूंच्या कानात कुजबुजली. मग सगळी मंडळी त्याच्यामागोमाग आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. भाची ऑम्लेटसाठी अंडी फोडत होती. कोटातल्या कोटात दादाने विचारलं, "आपल्याकडे घरी कोण कोण?"

"मी आणि मांजर," आचारी म्हणाला. त्याची नजर भाचीच्या हातांवर.

"अरेरे! म्हणजे बरं," वहिनी गडबडली. "पगार वगैरे...?"

"वहिनी!" आत्या ओरडली. तिला काहीतरी भलताच वास येऊ लागला होता. आणि ऑम्लेट तर अजून तव्यावर पडायचं होतं.

शेवटी काकूंना राहवेना. "मग मुलीबद्दल काय मत झालं म्हणायचं?"

भाचीने फेटलेली अंडी तव्यावर ओतली, तसं आचाऱ्याने मिशीवर बोट फिरवलं. "हात हलका आहे. मन लावून करते. पण अजून कच्ची आहे. घाई नको. दोनेक वर्षांत तयार होईल."

"आणखी दोन वर्षं?" वहिनीचा बांध फुटला. "अहो, तिला अडतीस पूर्ण झाली की हो!"

"कुणाला?" आचारी दचकला.

सगळ्यांच्या नजरा सावकाश आत्याकडे वळल्या. दिवसभर लोकांना 'श्वास रोखा' म्हणणाऱ्या आत्याने स्वतःचा श्वास रोखला, आणि 'सोडा' म्हणायला तिथे कुणी नव्हतं. तेवढ्यात दादाच्या कोटाचं बटण सुटलं, टणकन तव्यावर आपटलं आणि ऑम्लेटमध्ये रुतून बसलं. काकू "आग! आग!" म्हणून किंचाळल्या. आग कुठेच नव्हती, पण वहिनीने पाहुण्यांसाठी हातात धरलेल्या पेल्यातलं पाणी भिरकावलं. ते दादाच्या तोंडावर बसलं. आचारी पुढे धावला तो ओल्या फरशीवरून घसरून पिठाच्या डब्याला मिठी मारता झाला.

भाचीने शांतपणे शेगडी बंद केली, चिमट्याने बटण उचललं, ऑम्लेटचा तेवढाच तुकडा कापून टाकला आणि उरलेलं ताटलीत काढलं.

"काका, चव बघता?"

पिठाने पांढरा झालेला आचारी जमिनीवर बसूनच जेवला. मग आत्याने लाजत, अडखळत सगळा उलगडा केला. आचारी उठला आणि निकाल दिला, "हिला खरी सुरी द्या. लहान, पण धारेची. बोथट सुरीच जास्त कापते. कशी धरायची ते मी शिकवीन." वहिनी इतकी ओशाळली होती की त्या घटकेला त्याने पोरीसाठी तोफ मागितली असती तरी ती हो म्हणाली असती.

"सुरी?" भाची आत्याच्या कमरेला बिलगली. "खरी?" वर्षभराचं 'असू दे' एका क्षणात फिटलं.

खाली रस्त्यावर आल्यावर आत्या म्हणाली, "माफ करा हं. आमच्या माणसांचा भलताच गैरसमज झाला."

"तो कळला मला." आचाऱ्याने मिशीतलं पीठ झटकलं. "आता दूर झाला ना?"

"झाला की."

"मग आता गैरसमजाशिवाय विचारतो. तुमचं काय म्हणणं आहे?"

आत्या थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"आधी सुरी घेऊ," ती म्हणाली.

भांड्यांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. बोटभर सुरी निवडायला दोघांना तीन तास लागले.