सोपानबप्पांचे सभासद

सोपानबप्पा सापाला ‘अहो’ म्हणतात. तहसीलदाराला त्यांनी ‘अरे’ म्हटलेलं मी केजला स्वतः ऐकलंय. पण बांधावर धामण आडवी आली की चप्पल काढून बाजूला होतात आणि म्हणतात, “चला, व्हा म्होरं, संचालक.”

बप्पा आमचे शेजारी. सहकारी साखर कारखान्याचे जुने भागधारक. पण त्यांच्या मते खरी सोसायटी त्यांच्या कोरडवाहू रानातच. धामण संचालक, कारण ती उंदरांवर लक्ष ठेवते. घुबड रातपाळीला. बगळे खायच्या वेळेला बरोबर हजर, म्हणून ते पुढारी.

“आणि तुम्ही, बप्पा?”

“मी शिपाई. सभासदांच्या मधी मधी करायचं न्हाई, येवढंच काम.”

कारखान्याच्या वार्षिक सभेत ते एकदा उभे राहिले. “अध्यक्ष म्हाराज, समदीकडं ऊस झाला. तरवड गेली, बोरी गेल्या. आता घोरपडीनं कुठं जावं?”

मागून कुणीतरी ओरडलं, “तिला शेअर घ्यायला सांगा बे!” मंडप हसला. बप्पा उत्तर मिळेपर्यंत खाली बसेनात. शेवटी राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हा सगळेच उभे राहिले आणि प्रश्न मिटला.

त्या दिवसांत मी पत्रकं वाटत फिरायचो. धरणाचं पाणी उसाला आणि गावाला टँकर. हा दुष्काळ आभाळानं नाही, ठरावांनी आणलाय, असं मी लिहिलं होतं. त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही. बप्पांनी ते वाचून घडी घातली. “झ्याक हाय. पर ह्यात निस्ती माणसंच हायेत की.”

“माणसं तहानलीत, बप्पा!”

“व्हय. पर एकटा माणूस कवा जगलाय?”

आमचं खरं भांडण झालं ते मेंढ्यांवरून. दरवर्षी ज्वारी निघाली की बिरू मेंढपाळ कळप घेऊन बप्पांच्या रानात मुक्कामाला यायचा. मेंढ्या पालापाचोळा, बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा खायच्या; त्यांच्या लेंड्यांवर पुढची ज्वारी यायची. बप्पांची कारभारीण वारल्यापासून या मुक्कामाच्या दिवसांत बप्पा बिरूच्या पालावरच जेवायचे. त्याच्या पोरांना धामणीच्या गोष्टी सांगायचे. एरवी घरात त्यांचा आवाज ऐकू यायचा तो फक्त गाईशी बोलताना.

दुष्काळात ज्वारी हातभर वाढून वाळली. गावानं आपापले बांध खरडून जनावरांना घातले. बप्पांचा बांध तसाच. त्यांची गाय दारात बरगड्या दाखवत उभी, आणि हे तिच्यासाठी कुठून कुठून उसाचे वाढे, तोडलेले शेंडे, मागून आणत.

“घरची गाय उपाशी, आणि गवत कुणासाठी राखताय?”

“ते बिरूच्या वाट्याचं हाय.”

“तो येणार नाही.”

“कावून न्हाई येणार बे?”

“आणि गाय मेली तर?”

बप्पा गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बिरू आला. एका सकाळी, सिरसाळ्याहून जीपनं. मेंढ्या नाहीत, बायको नाही, कुत्रंसुद्धा नाही. हातात एक पिशवी. मी तिथंच होतो. तो बप्पांच्या ओट्यावर टेकला आणि खाली बघत म्हणाला, “बप्पा, मेंढरं इकली. चारा न्हाई, पाणी न्हाई. पुण्याला वाचमन म्हणून चाललोय. तुमी वाट बघत बसाल, म्हणून सांगाया आलतो.”

मला वाटलं, आता बप्पा फुटणार. ते नुसते खाकरले.

“वाट? मी कशाला वाट बघू? मीच तुला निरोप धाडणार व्हतो, औंदा येऊ नगंस म्हणून. गाईनं समदं खाऊन टाकलं. रानात काडी ऱ्हायली न्हाई.”

बिरूनं मान वर केली. ओट्यावरून रान दिसत होतं. बांधावर वाळलं गवत गुडघाभर उभं होतं, बाभळीखाली शेंगांचा सडा पडला होता. त्यानं ते सगळं पाहिलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “जिवाला लई घोर लागलता.”

मग दोघं रानाकडे पाठ करून चहा प्याले. मध्येच गाय हंबरली, तसे बप्पा तिच्यावर खेकसले, “गप बस! पोट फुटंस्तवर खाल्लंस, तरी वरडतीस?”